कामावरचे मन मोजता येते काय?

या पानावर आपण एरवी भातावरील करपा, गुरांची खुरकत, मधुमेह, रक्तदाब यांविषयी वाचतो. हे रोग डोळ्यांना दिसतात किंवा निदान प्रयोगशाळेत सापडतात. आज ज्या विषयाकडे वळावयाचे आहे तो तसा दिसत नाही. कारखान्यात, कचेरीत, इस्पितळात, शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाचे मन कसे आहे, हे ओळखता आणि मोजता येते काय, आणि मोजून पुढे काय करावयाचे, असा तो विषय आहे.

आपल्या बहुतेक घरांत थोडीफार शेती असली तरी चूल आता पगारावर पेटते. कोणी फाउंड्रीत आहे, कोणी परिचारिका, कोणी बसवर वाहक, कोणी बँकेत. जागेपणीचा मोठा भाग हा माणूस दुसऱ्याने आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे काढतो. त्याचे मन बिघडले तर तसे येऊन तो आम्हांला सांगत नाही. तो म्हणतो, “फादर, झोप लागत नाही.” “जेवण गोड लागत नाही.” “पाळीवर जायचे म्हटले की पोटात गोळा येतो.” त्याची बायको म्हणते, “घरी आले की कोणाशी बोलत नाहीत, मुलांवर उगाच ओरडतात.” आपल्या भाषेत मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या नावाने बोलले जाते. मग रक्त तपासतात, शक्तीची औषधे घेतात, आणि शेवटी कोणीतरी वडीलधारे सांगतात, “मन घट्ट कर, काम कोणाला चुकले आहे?” या सल्ल्यात हेतू चांगला असतो, पण दुखण्याचे सारे ओझे त्या एकट्याच्या शिरावर टाकून सल्ला देणारा मोकळा होतो.

मन मोजण्याचे साधन अगदी साधे आहे : नीट निवडलेले प्रश्न. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ साली सर्वसाधारण डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मूळ प्रश्न ६०. पुढे त्यांतून ३०, २८ आणि १२ प्रश्नांच्या लहान आवृत्त्या निघाल्या. बारा प्रश्नांची आवृत्ती जगभर कामगारांच्या पाहण्यांतही वापरली गेली. काळजीने झोप उडते काय, कामात लक्ष लागते काय, निर्णय घेता येतात काय, आपण काही उपयोगाचे आहोत असे वाटते काय, अशा स्वरूपाची विचारणा तीत असते. वेड, भ्रम असे शब्द कोठेही येत नाहीत. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला संकोच वाटत नाही.

पण या प्रश्नावलीत एक खोच आहे, आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्यातील उत्तरे ‘नेहमीच्या मानाने’ द्यावयाची असतात : नेहमीसारखे, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा कमी. आता जो माणूस दहा वर्षे रात्रपाळी आणि मुकादमाच्या शिव्या सोसत आहे त्याची ‘नेहमीची’ स्थितीच वाईट. तो प्रामाणिकपणे ‘नेहमीसारखेच’ यावर खूण करतो आणि कागदावर निरोगी ठरतो. जुने दुखणे अशा मापातून निसटते, ही टीका तज्ज्ञांनीच केलेली आहे.

दुसरे साधन त्याहून लहान, पाच प्रश्नांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामातून ते १९९८ साली डेन्मार्कमध्ये तयार झाले. ते दुखण्याबद्दल काही विचारीतच नाही, स्वास्थ्याबद्दल विचारते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते काय, शांत होते काय, अंगात हुशारी होती काय, सकाळी उठताना ताजेतवाने वाटले काय, रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते काय. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण : कधीच नाही याला शून्य, सदैव याला पाच. पाचांची बेरीज करून तिला चाराने गुणले की १०० पैकी आकडा मिळतो. तो ५० किंवा त्याखाली आला तर अधिक चौकशी करावी, आणि २८ किंवा त्याखाली आला तर खिन्नतेचा आजार असण्याचा संभव बराच धरून डॉक्टरांकडे जावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. निदान मात्र डॉक्टरच करतील. मागच्या वेळेपेक्षा दहा गुणांची घसरण झाली तर तीही दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

हे झाले तापमापक. काखेत नळी धरली की ताप १०२ आहे एवढे कळते. तो मलेरियाचा की विषमज्वराचा हे ती सांगत नाही. कामावरच्या मनाच्या बाबतीत खरी चूक येथेच होते. आकडा माणसाचा घेतला, म्हणून दोषही माणसातच शोधला जातो.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झालेले संशोधन या संदर्भात पाहण्यासारखे आहे. व्हाइटहॉल हा तेथील सचिवालयाचा भाग. तेथील सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची पाहणी १९६७ पासून सुरू झाली. त्या काळी लोकांचा समज असा की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग. जबाबदारी मोठी म्हणून ताण मोठा. पाहणीत उलटेच निघाले. अगदी खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण वरिष्ठांच्या मानाने तिपटीच्या घरात होते. शिवाय ही उतरंड पायरीपायरीची होती : सर्वांत वरच्यापेक्षा दुसऱ्या पायरीवरचा थोडा अधिक धोक्यात, तिसऱ्या पायरीवरचा त्याहून अधिक. यांत भुकेकंगाल कोणी नव्हते. सर्वांना कायमची नोकरी होती. विडीकाडी, रक्तदाब, रक्तातील चरबी हे सर्व हिशेबात धरूनही फरक पुरता सुटेना.

म्हणून १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरी पाहणी सुरू झाली. तीत ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ नोकर होते आणि या वेळी स्त्रियाही होत्या. गोल्डबर्ग यांची तीस प्रश्नांची प्रश्नावली त्यांना दिली गेली, पण तेवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. कामाचा वेग कोण ठरवतो, निर्णयात तुमचे किती चालते, वरिष्ठ मदत करतात काय, हेही विचारले. ज्यांच्या हाती आपल्या कामाबद्दल काहीच ठरविण्याचा अधिकार नव्हता त्यांना पुढील वर्षांत हृदयविकार अधिक जडला, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले. येथे कोणी म्हणेल, दुःखी माणसाला सगळेच वाईट दिसते, त्याच्या उत्तरावर काय भरवसा? संशोधकांनी ही शंका आधीच ओळखली होती. त्यांनी तेथील अधिकाऱ्यांकडूनही स्वतंत्रपणे प्रत्येक कामाचे मूल्यमापन करून घेतले होते. त्यातही कमी अधिकाराच्या कामांत धोका अधिकच निघाला. तक्रारखोरपणाचा आरोप येथे टिकत नाही.

याच्या मागची कल्पना अमेरिकेचे संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली मांडली होती. काम पुष्कळ असणे हे एकटे माणसाला मोडत नाही. काम पुष्कळ आणि ते कसे करावे यात आपले काहीच न चालणे, ही जोडी मोडते. पेरणीच्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबतो. पण आज कोणता तुकडा, उद्या कोणता, बैलांना केव्हा सोडावयाचे, हे तो ठरवितो. त्याचाच मुलगा यंत्रासमोर आठ तास उभा राहतो. पट्ट्याचा वेग दुसरा ठरवितो, लघवीला जाण्याची परवानगी दुसऱ्याकडून घ्यावी लागते. घाम बापाचा अधिक गळत असेल, रात्री झोप मुलाची उडते. (शेतकऱ्याला पाऊस आणि सावकार यांवर अधिकार नसतो हे खरे, आणि त्या बाबतीत त्याचीही झोप उडते; कल्पना तेथेही लागू पडते.) जर्मनीचे योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ साली यात एक भर घातली : श्रम किती आणि त्याच्या बदल्यात पगार, मान आणि नोकरीची शाश्वती किती, यांचा मेळ बसत नसेल तर माणूस आतून झिजतो.

कामाची मांडणी बदलली तर काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचे नाव ठाऊक असेल. १९५० नंतर तेथे स्वयंचलित माग आले, पण अपेक्षेइतके कापड निघेना आणि जे निघे त्यात खोट फार. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांना दिसले ते असे : २२४ मागांवर एका पाळीत २९ माणसे, त्यांची कामे बारा प्रकारची, आणि प्रत्येक प्रकाराचा मागांचा हिशेब वेगळा. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० किंवा ५०, जॉबरकडे ११२, तेलवाल्याकडे सगळेच २२४. त्यामुळे एक विणकर आज ज्याच्या भरवशावर आहे तो एकाच वेळी अनेकांचा देणेकरी. धागा तुटून माग थांबला की कोणी कोणाचे ऐकायचे हेच ठरेना. माणसे आळशी नव्हती. त्यांची गाठच कोठे बांधलेली नव्हती.

राइस यांनी सुचविले की सातसात जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाकडे मागांचा एक ठरावीक संच सोपवावा. आपसांत काम कसे वाटावयाचे ते गट पाहील. कामगारांनी ही कल्पना चटकन उचलली आणि आपले गट आपणच बनविले. सुरुवातीला काही काळ घडी विस्कटली, मग बसली. कापड वाढले, खोट घटली. सतरा वर्षांनी, १९७० साली, त्याच संस्थेचे एरिक मिलर पुन्हा पाहावयास गेले. एका खात्यात गटांची पद्धत जवळजवळ तशीच चालू होती, तर स्वयंचलित मागांच्या खात्यात ती बरीचशी मोडून गेली होती. चांगली घडी बसविली म्हणजे ती आपोआप टिकते असे नाही. म्हणून एकदा मोजून भागत नाही. ठरावीक काळाने पुन्हा मोजावे लागते.

आता मोजमाप फसते कसे ते पाहू. शेतकरी वाचकांना मातीची तपासणी ठाऊक आहे. नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यावयाची नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यावयाची, एकत्र कालवावयाची आणि त्यातील अर्धा किलो पिशवीत भरावयाची. पिशवी प्रयोगशाळेत गेल्यावर कोणते ढेकूळ कोठले हे कोणी विचारीत नाही. शेताची अवस्था कळते. कामगारांच्या मनाचेही तसेच. उत्तरे नावाविना हवीत, सगळ्या खात्यांतून आणि सगळ्या पाळ्यांतून हवीत, आणि एकत्र कालवलेली हवीत. साहेबाच्या मर्जीतल्या चौघांना विचारणे म्हणजे उकिरड्याजवळची माती घेणे. आणि एखाद्या खात्यात पाचसहाच माणसे असतील तर नाव नसले तरी अक्षरावरून, वयावरून माणूस ओळखू येतो. म्हणून जाणते लोक दहापेक्षा लहान गटाचा आकडा वेगळा काढून दाखवीत नाहीत.

मुकादमाने कागद वाटावेत आणि त्यानेच गोळा करावेत, असे जेथे चालते तेथे सगळे आनंदी निघतात. तो आकडा भीतीचा असतो. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी ज्याचा कागद नवा होतो, तो ‘मला झोप लागत नाही’ असे मालकाच्या कागदावर का लिहील?

हजेरीपटावरूनही पुष्कळ कळते : खाडे किती, नोकरी सोडून गेले किती, बोटाला इजा झाल्या किती, माल परत आला किती. पण येथेही तारतम्य हवे. जून-जुलैत खाडे वाढले तर लावणी आठवावी, मन नव्हे. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. उलट, रोजंदारीवरच्या माणसाची हजेरी पूर्ण भरते, कारण खाडा केला तर चूल पेटत नाही. तो तापातही येतो आणि मन विझलेले असतानाही येतो. पूर्ण हजेरी पाहून निश्चिंत होऊ नये.

विचारपूस करण्याचाच काही परिणाम होतो काय? होतो. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून अनेक वर्षे प्रयोग झाले, आणि आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्यानेही माणसांचे वागणे बदलते, ही कल्पना तेथून प्रसिद्ध झाली. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आम्हांला त्याच कारखान्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. १९२८ ते १९३० या काळात तेथे २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. प्रथम ठरावीक प्रश्न विचारीत. पण कामगार दुसरेच काही सांगू लागत. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना मोकळेपणी बोलू दिले. पुढे १९३६ पासून तेथे खास समुपदेशक नेमले. ते ऐकून घेत, धीर देत. पण कामात बदल करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ती योजना सुमारे वीस वर्षे चालून बंद पडली.

आजही हाच मोह आहे. कर्मचाऱ्यांना दीर्घ श्वसन शिकवा, ताणावर व्याख्यान ठेवा, मोबाइलवर ध्यानाचा कार्यक्रम द्या. यात वाईट काही नाही, आणि आम्हीही ध्यानाचे महत्त्व जाणतो. परंतु ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरांची माहिती पडताळली आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : अशा कार्यक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मानसिक स्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही, लोकसेवेच्या कामात भाग घेण्याची संधी हाच काय तो अपवाद दिसला. पगार, पाळ्या, कामाचा बोजा, वरिष्ठांची वागणूक यांना हात न लावता माणसालाच दुरुस्त करावयास निघाले की असे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ सालच्या मार्गदर्शनात कामाच्या मांडणीत सुधारणा आणि वरिष्ठांचे शिक्षण यांवर भर दिला. खिन्नता आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

आपल्यापैकी काहीजण स्वतः मालक आहेत. कोणाची बेकरी, कोणाचे गॅरेज, कोणाकडे शिवणाच्या सहा मशीन. धार्मिक संस्थाही शाळा आणि इस्पितळे चालवितात, आणि तेथे ‘सेवा’ या शब्दाखाली जादा तास घेण्याची सवय लवकर लागते. परिचारिकेला सेवाभाव असला तरी तिलाही पाठ असते. अशा लहान ठिकाणी छापील प्रश्नावलीचा उपयोग नाही, कारण नाव लपत नाही. तेथे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००४ साली ठरविलेल्या सहा बाबी हाताशी धराव्यात आणि प्रश्न माणसाच्या मनाबद्दल न विचारता कामाबद्दल विचारावेत. काम झेपण्याइतके आहे काय? ते करण्याच्या पद्धतीत त्याचे काही चालते काय? अडल्यावर मदत मिळते काय? कोणी टाकून बोलते, छळते काय? आपले काम नेमके कोणते हे त्याला ठाऊक आहे काय? बदल करताना आधी सांगितले जाते काय? ‘तू दुःखी आहेस काय’ याला नोकर मालकासमोर खरे उत्तर देणार नाही. ‘शनिवारची पाळी आदल्या रात्री कळते ती आठवडाभर आधी कळली तर बरे पडेल काय’ याला देईल.

आणि विचारले तर महिन्याच्या आत निदान एक तरी गोष्ट बदलून दाखवावी, ती लहान का असेना : पाळीचा तक्ता आधी लावणे, जेवणाची सुटी न मोडणे, सर्वांदेखत न ओरडणे. काहीच करावयाचे नसेल तर विचारू नये हे बरे, कारण दुसऱ्या खेपेस कोणी खरे सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मोजमापाच्या बाहेरची आहे. कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलले, मग ते चेष्टेत का असेना, तर कागद, गुण, बेरीज यांच्या मागे लागू नये. त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, सरळ विचारावे, घरच्यांना कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारी टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक कारखान्याच्या फलकावर पाळीच्या तक्त्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मालकाच्या केबिनच्या दारावर नको. तेथे उभे राहून तो उतरून घेण्याचे धैर्य कोणाला होणार नाही.